सैन्यातील कायदा अधिकारी: सल्ला कारवाईच्या आधी पोहोचला पाहिजे

सैन्यातील कायदा अधिकारी आदेश देत नाही, तो सल्ला देतो. निर्णय कमांडरचा असतो आणि त्याची जबाबदारीही कमांडरचीच असते. लातूर-नांदेडकडील कायद्याचे विद्यार्थी जज अ‍ॅडव्होकेट जनरल या सैन्याच्या कायदा शाखेविषयी, म्हणजे ‘जॅग’विषयी विचारायला येतात, तेव्हा त्याच शाखेत नोकरी केलेला मी प्रथम हेच सांगतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कोर्ट मार्शलमध्ये युक्तिवाद करणारा गणवेशातील वकील असतो. प्रत्यक्षात जनरल कोर्ट मार्शल या सर्वांत वरच्या लष्करी न्यायालयातही जज अ‍ॅडव्होकेटला मताचा अधिकार नसतो. तो न्यायालयाला कायदा समजावून सांगतो, एवढेच.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि ढिगारे उपसणारे जवान ही सैन्याशी माझी पहिली ओळख. ते जवान नागरी प्रशासनाच्या मदतीला आले होते, म्हणजे सैन्य आले तरी कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडेच होता, हे मला पुढे कायदा शिकताना उमगले. बेकायदेशीर जमाव पांगवण्यासाठी दंडाधिकारी सैन्याला बोलावतात तेव्हाही असाच बारीक फरक असतो. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ नुसार मागणी दंडाधिकाऱ्यांची असते, ती कशी पार पाडायची हे लष्करी अधिकारी ठरवतो, आणि बळ व इजा दोन्ही शक्य तितकी कमी ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते. ‘शक्य तितके कमी’ याचा अर्थ तुकडी निघण्यापूर्वी समजावून सांगणे, हे आमचे काम.

माझ्या नोकरीतील सर्वांत मोलाचे धडे ईशान्य भारतात मिळाले. तेथे १९५८ चा सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा लागू होता. त्याचे कलम ४ अटकेचे व झडतीचे अधिकार देते म्हणून सर्वांना पाठ असते. पण कलम ५ प्रमाणे अटक केलेल्या व्यक्तीला कमीत कमी विलंबाने जवळच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करावे लागते, आणि खरी कसोटी तिथे लागते. एका पावसाळ्यात गस्ती तुकडीने रात्री दोघांना ताब्यात घेतले आणि पोलीस ठाण्याकडे जाणारा रस्ता पुराने बंद झाला. मी तातडीने चार पानांचा सल्ला लिहून नेला. कमांडिंग ऑफिसरांनी तो बाजूला ठेवून विचारले, “वकील साहब, अभी इसी वक्त क्या करना है?” मग मी तोंडीच सांगितले: अटकेची वेळ लिहा, वैद्यकीय तपासणी करून घ्या, पोलीस ठाण्याला बिनतारी संदेश पाठवून त्याची नोंद ठेवा, रस्ता कधी बंद झाला व कधी उघडला तेही लिहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील चोवीस तासांच्या मुदतीत प्रवासाचा आवश्यक वेळ धरला जात नाही, पण तो आवश्यक होता हे दाखवायला कागद लागतो. काही महिन्यांनी उच्च न्यायालयात याचिका आली तेव्हा माझी चार पाने कोणी मागितली नाहीत. त्या नोंदवहीतील वेळा वाचल्या गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नागा पीपल्स मूव्हमेंट खटल्यात हा विशेषाधिकार कायदा वैध ठरवताना सैन्याच्या ‘करा आणि करू नका’ या सूचना बंधनकारक मानल्या. जॅगमध्ये जाऊ इच्छिणाऱ्याने तो निकाल मुळातून वाचावाच. युद्धाच्या कायद्यासाठी १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा पाहावा. सैन्याजवळ कायदा सल्लागार असावा असे सांगणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये (पूरक करारात) भारत सामील नाही, तरीही ही व्यवस्था आपल्याकडे रुजलेली आहे.

एक गोष्ट मात्र लपवू नये. रोजच्या कामाचा मोठा भाग कारवायांचा नसतो. १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट, १९५४ चे आर्मी रूल्स, त्यांतील नियम २२ व २३ प्रमाणे खटल्याआधी झालेली आरोपाची सुनावणी व साक्षींचा सारांश तपासणे, यातच दिवस जातो. आरोपी जवानाला उलटतपासणीची संधी मिळाली का, हे पाहणारा बहुतेक वेळा आपण एकटेच असतो, म्हणून मला ते काम कधी दुय्यम वाटले नाही.

प्रवेशाचे थोडक्यात सांगतो. वय २१ ते २७, अविवाहित, एलएलबीला किमान ५५ टक्के गुण, आणि आता क्लॅट पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे गुणही लागतात. आमच्या वेळी ते नव्हते. पुढे एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत, चेन्नईला प्रशिक्षण आणि नंतर नागपूरजवळ कामठीच्या लष्करी कायदा संस्थेत अभ्यास. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना जास्त जागा राखणारी पद्धत रद्द केली आहे, तेव्हा आपल्याकडील मुलींनी अर्ज करताना मागे राहू नये.

तयारी म्हणून मी एकच सराव सुचवतो. एखादा निकाल वाचा आणि घरातल्या कायदा न शिकलेल्या माणसाला तो दोन मिनिटांत, आधी मराठीत आणि मग हिंदीत, असा सांगा की त्याला नेमके काय करायचे ते कळेल. मी सुट्टीवर आलो की थोरल्या भावाला शेतात असे सांगत असे, आणि “म्हंजे करायचं काय?” असे त्याने विचारले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत असे.