जोड्या लावण्याआधी बियाण्याचा दुसरा डबा लावा

उन्हाचा कडाका आणि त्यापाठोपाठ येणारे ढगाळ दिवस, माशांच्या पिल्लांसाठी घरी वाढवलेल्या जिवंत खाद्याच्या कल्चरला वर्षातला हाच काळ सगळ्यात वाईट. आणि नेमक्या याच दिवसांत बेट्टा, गोरामी, टेट्रा या माशांच्या जोड्या लावलेल्या असतात. दरवर्षी तेच घडताना पाहतो. अंडी फुटतात, दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहू लागतात, आणि मायक्रोवर्मचा (पिल्लांना खायला वाढवलेल्या बारीक अळ्यांचा) डबा उघडावा तर आत आंबट-कुबट वास, राखाडी पाणी, कडेला चढलेली एकही अळी नाही. नव्याने लावलेला डबा काढणीला यायला पाच-सात दिवस लागतात. पोटातला बलक संपलेलं पिल्लू तेवढा धीर धरू शकत नाही.

म्हणून बाकी सगळं नंतर. आधी बियाण्याचा दुसरा डबा लावा. पिल्लं असोत वा नसोत, आजच.

"माझ्याकडे दोन डबे आहेत" म्हणणाऱ्यांचंही नुकसान झालेलं मी पाहिलंय, कारण दोन्ही डबे एकाच फळीवर, एकाच दिवशी भरलेले, एकाच चमच्याने ढवळलेले. एकांनी मोईनाचे, म्हणजे पिल्लांना खायला वाढवलेल्या पाण्यातल्या बारीक जीवांचे, दोन टब गॅलरीत शेजारी-शेजारी ठेवले होते. रात्री घरात डासांचा फवारा मारला. सकाळी मी गेलो तेव्हा दोन्ही टबांच्या तळाशी फिकट गुलाबी साय बसली होती. ती सगळी मेलेली मोईना. मोईना आणि डॅफनिया हे कवचधारी जीव आहेत, कीटकनाशकाचा अंशसुद्धा त्यांना पुरतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांब्याचा अंश असलेली माशांची औषधंही तशीच. औषध घातलेल्या टाकीतली जाळी मोईनाच्या टबात घालूच नका.

तेव्हा दुसरा डबा म्हणजे दुसऱ्या खोलीतला, आठवडाभर मागेपुढे भरलेला, वेगळी जाळी आणि वेगळा चमचा असलेला डबा. त्यातून खाद्य काढायचं नाही. पिल्लं कितीही भुकेली दिसली तरी नाही. बियाणं खाऊन टाकलं की पेरायला काही उरत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मासे पाळणाऱ्याला मात्र दरवर्षी सांगावं लागतं.

उन्हाळ्यात कल्चर बसण्याचं (एकदम मरून जाण्याचं) कारण बहुतेक वेळा जास्तीचं खाद्य असतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि घातलेलं यीस्ट लवकर सडतं. मोईनाला यीस्टचं छापील प्रमाण १०० लिटरला साधारण २ ते ४ ग्रॅम आहे. दहा लिटरच्या टबाला ती जेमतेम चिमूट होते. माझा अंदाज असा: खाद्य घातल्यावर पाणी किंचित दुधाळ व्हावं, आणि दुसऱ्या दिवशी नितळ झालं तरच पुढचं घालावं. पारा ३० अंशांवर गेला की मी निम्मंच घालतो. मोईना लालसर दिसू लागली तर ती तब्येतीची खूण समजू नका, पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय. त्याच वेळी निम्मी काढा, तिसरा हिस्सा पाणी बदला. मोठा डॅफनिया मॅग्ना या उकाड्यात टिकवायचा हट्ट धरू नका, त्याला २० अंशांच्या आसपास बरं वाटतं.

ढग आले की मोईनाला खायला ठेवलेलं शेवाळाचं हिरवं पाणीही दगा देतं. ऊन नसलं की शेवाळ मरतं, पाणी पिवळट होतं आणि टब एका रात्रीत बसतो. हिरव्या पाण्याच्या दोन बाटल्या खिडकीशी राखीव ठेवा.

मायक्रोवर्मचं नेहमीचं काम:
– ओट्स किंवा पिठाची घट्ट लापशी, वर चिमूटभर यीस्ट, झाकणाला बारीक भोकं
– जुन्या डब्यातलं चमचाभर विरजण
– बोटाने कडेवरून काढून, धुऊन खायला देणे
– दर १५ दिवसांनी नवा डबा. वास बदलण्याची वाट न पाहता

आणखी एक विमा आहे, आणि तो जवळजवळ फुकट पडतो: व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या बारीक अळ्या. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सफरचंदाची एक फोड, तोंडाला कापड. बाटली काळोखात ठेवली की महिनोन्‌महिने काही बघावं लागत नाही. वाढ सावकाश होते, म्हणून ती गरज पडायच्या महिनाभर आधी लावायची. या अळ्या पाण्यात बराच काळ जिवंत राहून पोहतात. मायक्रोवर्म तळाला बसतात आणि काही तासांत मरतात.

आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या) अंड्यांचा डबा पावसाळी हवेत उघडा ठेवला की अंडी ओल धरतात आणि फुटत नाहीत. आणल्याबरोबर छोट्या कोरड्या बाटल्यांत वाटून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये. फोडायची तेव्हा लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम मीठ, १ ते २ ग्रॅम अंडी, २६ ते २८ अंश तापमान, उजेड आणि तळातून सतत हवा. २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. नारिंगी रंग ताजा असतानाच खायला द्या. पहिल्या कात टाकीपर्यंत ती बलकावर जगतात, पुढे कस उतरत जातो. दुकानदार 'खास हॅचिंग सॉल्ट', हॅचरी किट आणि कल्चर बूस्टरची बाटली गळ्यात मारतील. उलटी टांगलेली पाण्याची बाटली आणि साधं मीठ पुरतं. आयोडीनच्या मिठानेही माझी अंडी नीट फुटली आहेत. तो पैसा चांगल्या प्रतीच्या अंड्यांवर घाला.

उघड्या टबांवर बारीक जाळी हवीच. उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डासाच्या अळ्या खाद्य म्हणून वाढवायला ठेवून विसरणं शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे. डबक्यातलं किंवा गटारातलं खाद्यही नको, त्यातून हायड्रा, चतुराची अळी आणि रोग घरात येतात.

आणि डबा आधीच बसला असेल, पिल्लं पोहत असतील, तर उकडलेल्या अंड्याचा बलक सुईच्या टोकावर मावेल इतका, पाण्यात कालवून, दिवसातून दोनदा. तासाभराने तळ बारीक नळीने साफ करा, नाहीतर तोच बलक पिल्लांना मारेल. तोवर कुणाकडून तरी चमचाभर जिवंत कल्चर मागून आणा. घरी येताच त्याचे दोन भाग करा आणि त्यातला एक दुसऱ्या खोलीत न्या.