जागेवर फॅन बॅलन्स करायचाय? वजन लावण्याआधीची तयारी

कारखान्यातल्या फॅनचं व्हायब्रेशन वाढलं की पहिला हुकूम सुटतो, ‘बॅलन्सिंग करून टाका.’ प्रत्यक्ष वजन लावायला दोन तास पुरतात. पण सॉफ्ट फूट (बेसवर नीट न टेकलेला मोटरचा पाय), ढिला बोल्ट किंवा पात्यावरची धूळ तशीच ठेवून वजन लावलं, तर रीडिंग आज उतरतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चढतं. तेव्हा ही यादी मुख्यतः वजन लावण्याआधीची आहे. उदाहरणासाठी दोन बेअरिंगच्या मध्ये बसलेला १२ पात्यांचा सेंट्रिफ्युगल फॅन घेऊ: रोटर (फिरणारा भाग) २०० किलो, वेग १४८० आरपीएम, मोटर कपलिंगने जोडलेली, वजन लावायची त्रिज्या ४०० मिमी.

आधी हा खरंच अनबॅलन्स (रोटरचं वजन एका बाजूला जास्त) आहे का, ते ठरवा. दोन्ही बेअरिंगवर आडवं, उभं आणि अक्षीय अशी सहा रीडिंग घ्या, सोबत स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती कंपन, याचा आलेख) घ्या. १४८० आरपीएम म्हणजे २४.७ हर्ट्झ. बहुतेक सगळी उंची याच एका रेषेत असेल तर संशय अनबॅलन्सवर. दुप्पट वेगाची रेषा मोठी आणि अक्षीय रीडिंगही चढलेलं असेल, तर आधी कपलिंगचं अलाइनमेंट तपासा. वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींची रांगच लागली असेल, तर काहीतरी सैल आहे. २९६ हर्ट्झला (१२ पाती गुणिले वेग) उंच रेषा दिसली, तर डॅम्पर (हवा अडवणारी झडप) आणि डक्टमधला हवेचा प्रवाह पाहा, तिथे वजनाचा उपयोग नाही. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर नेमकी १०० हर्ट्झची रेषा वीज तोडताक्षणी नाहीशी झाली, तर तो मोटरचा विद्युत दोष. मात्र २४.७ हर्ट्झची रेषा वाकलेल्या शाफ्टनेही येते आणि रेझोनन्सनेही (चालू वेग आधाराच्या नैसर्गिक फ्रीक्वेन्सीशी जुळल्याने) फुगते, म्हणून फेज (शाफ्टवरच्या खुणेपासून कंपनाचं शिखर किती अंशांवर येतं) पाहिल्याशिवाय निदान पुरं होत नाही. शुद्ध अनबॅलन्समध्ये एकाच बेअरिंगवरच्या आडव्या आणि उभ्या फेजमध्ये साधारण ९० अंशांचा फरक असतो. दोन्ही बेअरिंगवरची आडवी फेज जवळपास सारखी असेल तर एका प्लेनमध्ये (रोटरवर एकाच ठिकाणच्या वर्तुळावर वजन लावून) काम भागतं. ती १८० अंशांनी उलटी आली तर दोन प्लेनची तयारी ठेवा.

यानंतरची परीक्षा सगळ्यांत स्वस्त, आणि नेमकी तीच टाळली जाते. काहीही न बदलता फॅन बंद करून पुन्हा चालू करा आणि फेज जुळते का पाहा. १०-१५ अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर बॅलन्सिंग थांबवा. हब शाफ्टवर सैल असेल, बेअरिंगची स्लीव्ह सरकत असेल, किंवा पोकळ पात्याच्या वेल्डला तडा जाऊन आत धूळ नाहीतर पाणी शिरलं असेल. हा आतला माल दर स्टार्टला जागा बदलतो, आणि त्याच्यापुढे कुठलंही गणित टिकत नाही. पात्यावर हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐका: भरलेलं पातं भद्द वाजतं.

आता फॅन बंद करून आत जायचं. मोटरचा पुरवठा तोडून कुलूप आणि टॅग लावा, मॅनहोल उघडण्याआधी बंदिस्त जागेचं परमिट घ्या, आतल्या हवेची तपासणी करा. शिवाय डॅम्पर बंद असला तरी चिमणीच्या ओढीने इम्पेलर (पात्यांचं चाक) हळूहळू फिरत राहू शकतो. त्याला लाकडी ठोकळा किंवा पट्टा लावून अडवा, आणि बाहेर येताना तो काढल्याची नोंद करा. पात्यांच्या पाठीवरचा थर खरवडून पूर्ण साफ करा. अर्धवट सफाई ही न केलेल्या सफाईपेक्षा वाईट, कारण उरलेला पापुद्रा चाचणीच्या मध्येच सुटून पडतो आणि पहिलं रीडिंग निरुपयोगी होतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा सफाईनंतरच रीडिंग मर्यादेत येतं आणि वजनांची पेटी उघडावीच लागत नाही.

बेसप्लेटकडे वेळ द्या. फाउंडेशन बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, ग्राउट (बेसखाली भरलेला मसाला) हातोडीने ठोकून पोकळ वाजतंय का पाहा, प्लमर ब्लॉकच्या (बेअरिंगच्या घराच्या) बोल्टखाली फीलर गेज घालून बघा. मोटरच्या सॉफ्ट फूटसाठी पायाजवळ डायल गेज लावून त्या एकाच पायाचा बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त सरकला तर त्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) हवी. बोल्ट पुन्हा आवळून मगच पुढच्या पायाकडे जा. शिम स्टेनलेस स्टीलच्या, आणि एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त नकोत. पातळ शिमांची चळत स्प्रिंगसारखी दबते.

रेझोनन्सची शंका असेल तर मोटर बंद करून वेग उतरत असताना रीडिंग आणि फेज नोंदवत राहा. वेग ९० टक्क्यांवर आला की अनबॅलन्सचं बल ८१ टक्के उरतं, आणि मिमी/सेकंदातलं रीडिंग साधारण ७३ टक्के व्हायला हवं. ते एकदम निम्म्यावर आलं आणि फेजही झरझर फिरली, तर चालू वेग पेडेस्टलच्या (बेअरिंगच्या आधाराच्या) नैसर्गिक फ्रीक्वेन्सीला चिकटून आहे. अशा ठिकाणी बॅलन्सिंग होतं, पण फार दिवस टिकत नाही. आधी आधार ताठ करण्याचा विचार करा.

सेन्सर बसवताना बेअरिंग हाउसिंगवरचा रंग मॅग्नेटच्या मापापुरता खरवडा, सपाट धातूवर मॅग्नेट टेकवा आणि जागेवर पंचने खूण करा. पत्र्याच्या कव्हरवर मॅग्नेट कधीही नको, तिथे कव्हरचंच कंपन मोजलं जातं. केबल लोंबकळू देऊ नका. सगळी रनिंग संपेपर्यंत सेन्सर हलवायचा नाही.

टॅकोची (शाफ्टवरची खूण वाचून वेग आणि फेज देणाऱ्या सेन्सरची) खोड वेगळी. शाफ्टवर जुन्या टेपचा तुकडा राहिला असेल किंवा चावीची खाच चमकत असेल, तर एका फेऱ्यात दोन पल्स मिळतात आणि मीटर २९६० आरपीएम दाखवतो. म्हणून शाफ्ट पुसून काळ्या मार्करने पूर्ण पट्टा रंगवा, त्यावर रिफ्लेक्टिव्ह टेपचा एकच तुकडा लावा आणि कडा नखाने दाबून घ्या. टॅकोचा स्टँड फॅनच्या बेसवर न ठेवता बाजूला जमिनीवर भक्कम ठेवा.

वजनांची तयारी आदल्या दिवशी करा: १०, २० आणि ३० ग्रॅमचे पत्र्याचे तुकडे कापून एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला आणि प्रत्येकावर आकडा कोरा. बोल्ट-नटने लावणार असाल तर नट-बोल्टही त्याच वजनात धरा. वेल्ड करणार असाल तर वेल्डचा भरही मोजात घ्या. तुकडा इम्पेलरच्या धातूशी जुळणारा हवा. उच्च-ताण स्टीलच्या पात्यांवर उत्पादकाला विचारल्याशिवाय वेल्डिंग नको. वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प इम्पेलरवरच, वेल्डच्या जवळ लावा. तो बेसवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रेसवर खड्डे पडतात. बेअरिंग त्या दिवशी ठीक वाटतं, काही आठवड्यांनी ओरडू लागतं.

ट्रायल वेट (परिणाम पाहण्यासाठी तात्पुरतं लावायचं वजन) रोटरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के बल देईल इतकं घ्यायचं. इथे २० ग्रॅम १९२ न्यूटन देतं आणि ३० ग्रॅम २८८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९ किलोचा ओढा. तारेने बांधणं किंवा चिकटपट्टी लावणं म्हणजे वजन गोळीसारखं उडवणं. वजन पक्कं बसवा, आणि चाचणीच्या वेळी इम्पेलरच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

मोटरचे स्टार्टही मोजून ठेवा. मूळ रीडिंग, ट्रायल आणि दुरुस्तीनंतरचं रीडिंग असे किमान तीन स्टार्ट लागतात. मोठ्या मोटरला सहसा थंड अवस्थेतून लागोपाठ दोन किंवा गरम अवस्थेतून एकच स्टार्ट मान्य असतो. पुस्तिकेतला नियम वाचून मधला थंड होण्याचा वेळ वेळापत्रकात धरा. प्रत्येक वेळी डॅम्पर त्याच जागी, वेग तोच, आणि बेअरिंगचं तापमान चढायचं थांबल्यावरच रीडिंग घ्या. शेजारी जवळपास त्याच वेगाचा दुसरा फॅन एकाच फ्रेमवर असेल तर तो थांबवा. १४८० आणि १४७४ आरपीएममध्ये दर १० सेकंदांनी रीडिंग वर-खाली होतं, आणि त्यातला कोणता आकडा खरा हे कुणी सांगू शकत नाही.

मीटर स्वतः हिशेब करतो, तरी ग्राफ पेपर आणि कोनमापक जवळ ठेवा. प्रत्येक रीडिंग ग्राफवर बाण म्हणून काढा: लांबी म्हणजे रीडिंग, दिशा म्हणजे फेज. समजा मूळ रीडिंग ८.० मिमी/सेकंद, फेज ६० अंश. पात्यावर ३० ग्रॅम लावल्यावर ६.५, फेज ९० अंश. ३० टक्के उंची किंवा ३० अंश फेज यांपैकी एक तरी बदलली पाहिजे, नाहीतर ट्रायल वेट वाढवा. दुसऱ्या बाणातून पहिला वजा केला की ट्रायल वेटचा एकट्याचा परिणाम मिळतो: ४.०२ मिमी/सेकंद, १८६ अंश. मूळ बाण पुसायला तो ६० च्या नेमका उलट, २४० अंशांवर हवा. म्हणून ट्रायल वेट काढून टाकायचं आणि ३० गुणिले ८.० भागिले ४.०२, म्हणजे ५९.७ ग्रॅम वजन ट्रायलच्या जागेपासून ५४ अंशांवर लावायचं. फेज लॅग (खुणेनंतर कंपनाचं शिखर किती मागे पडतं ते) दाखवणाऱ्या मीटरवर हे ५४ अंश फिरण्याच्या उलट दिशेने मोजा. दिशा चुकली तर फॅन आधीपेक्षा जास्त थरथरतो, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. तयारीतच इम्पेलरवर फिरण्याचा बाण रंगवा आणि पात्यांना त्याच्या उलट दिशेने १ ते १२ क्रमांक द्या. ५४ अंशांवर पातं नाही, म्हणून वजन ३० अंशांच्या आणि ६० अंशांच्या पात्यांवर वाटायचं. पहिल्यावर सुमारे १२ आणि दुसऱ्यावर सुमारे ४९ ग्रॅम.

लक्ष्यही आधीच लिहून ठेवा. आयएसओ १४६९४ प्रमाणे बीव्ही-३ वर्गाच्या, ताठ पायावरच्या फॅनला चालू करताना ४.५, अलार्म ७.१ आणि बंद करण्याची मर्यादा ९.० मिमी/सेकंद आरएमएस. रोटरसाठी आयएसओ २१९४०-११ चा जी ६.३ (बॅलन्सिंगच्या दर्जाची श्रेणी) धरला तर आपल्या उदाहरणात सुमारे ८१३० ग्रॅम-मिमी शिल्लक अनबॅलन्स चालतो, म्हणजे ४०० मिमी त्रिज्येवर २० ग्रॅम. शून्याच्या मागे लागून चौथा-पाचवा स्टार्ट मारायची गरज नाही.

नोंदवहीत तारखेसोबत डॅम्परची जागा, तापमान, टेप आणि सेन्सरच्या खुणा, लावलेली वजनं, आणि ‘१ ग्रॅमला ०.१३४ मिमी/सेकंद, १८६ अंश’ हा परिणामाचा आकडा लिहा. पुढच्या वेळी खुणा त्याच असतील तर ट्रायल रनची गरज पडत नाही.