भाऊसाहेबांचे जुने तैलचित्र पावसाळ्यात जपताना

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची पुण्यतिथी १२ ऑगस्टला, ऐन पावसात येते. वाचनालयात किंवा सभागृहात त्यांचे जुने तैलचित्र असेल, तर त्याला सर्वाधिक इजा याच आठवड्यात होते. कोणीतरी ओल्या फडक्याने पुसतो, चौकटीला ताजा हार घालतो, खाली समई लावतो.

ओले फडके अजिबात नको. रंगाखाली कॅनव्हासला बहुधा सरस लावलेला असतो. बारीक भेगांतून पाणी शिरले की तो फुगतो आणि वाळताना आकसतो, मग रंगाचे पापुद्रे सुटतात. कापलेला बटाटा, कांदा, खोबरेल हे उपायही घातकच. तेलावर धूळ बसते, बटाट्याच्या पिष्टावर बुरशी.

आधी खोली अंधारी करून टॉर्च बाजूने तिरपा धरा. उचललेला रंग सावली टाकतो. तसे दिसले तर हात न लावता फोटो काढा आणि संवर्धकाला, म्हणजे जुनी चित्रे शास्त्रीय पद्धतीने जपणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा. रंग घट्ट असेल तरच दोन इंची मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली अलगद धूळ काढा.

खरे दुखणे मात्र मागे असते. चिऱ्याच्या बाहेरील भिंती पावसात ओल धरतात आणि चिकटून टांगलेल्या चित्राच्या पाठीवर बुरशी येते. शक्यतो आतल्या भिंतीवर टांगा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून मागे दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवा. आर्द्रतामापक लावा: काटा ६५ टक्क्यांवर राहू लागला की बुरशीची भीती. कार्यक्रमापुरता एसी लावून बंद करणे वाईट, कारण त्या चढउताराने कॅनव्हास ताणतो आणि सैल पडतो.

हार चौकटीला न घालता समोरच्या टेबलावर ठेवा. समईची काजळी वर चढते, म्हणून ती थेट चित्राखाली नको.

चेहरा फिका वाटला म्हणून स्थानिक रंगाऱ्याकडून 'नवा' करून घेऊ नका. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातली पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे पाहा. १५४७ साली सुरू झालेल्या या मालिकेत वेळोवेळी इतके रंग चढवले गेले की मूळ रूप शोधायला अभ्यासकांना क्ष-किरण लावावे लागले. फिकेपणा पुष्कळदा पिवळ्या पडलेल्या व्हार्निशचा असतो. ते काढणे संवर्धकाचे काम. त्याला चित्राच्या पाठीचाही फोटो पाठवा, तिथे चित्रकाराची सही किंवा साल असू शकते.