विटीदांडू घडवावा कसा आणि खेळावा कसा

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, तरी खेड्यापाड्यांतील बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. त्या काळात उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचा पहिला उद्योग म्हणजे घरातला कोयता मिळवून बाभळीची सरळ फांदी शोधणे. खेळाचे साहित्य घडवावे लागे आणि खेळाचा निम्मा आनंद त्या घडवण्यातच असे. म्हणून आपल्या मुलांना विटीदांडू शिकवू इच्छिणाऱ्यांनी प्लॅस्टिकचा संच आणण्याऐवजी फांदीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकूड चिवट हवे. बाभूळ उत्तम, पेरू किंवा चिंचही चालते. शेवग्यासारखे ठिसूळ लाकूड मात्र दुसऱ्या टोल्यालाच मोडते. दांडू साधारण दीड ते दोन फूट लांब आणि मुठीत सहज मावेल इतक्या जाडीचा असावा, व त्याचे एक टोक किंचित निमुळते करावे, म्हणजे ते विटीखाली घालता येते. विटी चार ते सहा इंचांची करावी. तिची दोन्ही टोके तासताना खरे कौशल्य लागते, कारण जमिनीवर पडलेल्या विटीचे पोट टेकलेले आणि टोके अधांतरी राहिली, तरच टोकावर दांडू मारताच ती उसळी घेते. टोके कमी तासली तर विटी जागची हलत नाही आणि फार अणकुचीदार केली तर ती तुटतात, शिवाय कोणाला लागल्यास जखम खोल होते. तासणी लाकूड ओले असतानाच करावी आणि मग विटी सावलीत वाळू द्यावी; कडक उन्हात ती तडकते.

मैदानात विटीपेक्षा थोडी अरुंद, लांबट आणि उथळ खळी खणावी. तिला गल म्हणतात. दोन संघ पाडून नाणेफेक करावी किंवा जुन्या रीतीने चपटा दगड एका बाजूने ओला करून ‘ओली की सुकी’ विचारावे. ज्याचा डाव असेल त्याने विटी गलीवर आडवी ठेवून दांडूने ती दूर कोलावी. समोरच्यांनी ती वरच्यावर झेलली तर खेळाडू बाद. झेलली नाही, तर त्याने दांडू गलीवर आडवा ठेवावा आणि विटी जिथे पडली तिथून एकाने ती दांडूवर नेम धरून फेकावी. नेम लागला तरीही खेळाडू बाद होतो. नेम चुकल्यास टोले सुरू होतात. विटीच्या टोकावर हलका फटका मारून ती उडवावी आणि हवेत असतानाच जोराने टोलवावी. नवशिके इथे घाई करतात; विटी कमरेच्या उंचीला येईपर्यंत थांबणे, हीच या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

टोला झाल्यावर विटीपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. पुष्कळ गावांत हे मोजमाप ‘वकट, लेंड, मूंड, नाल…’ अशा क्रमाने चाले आणि ज्या शब्दावर ते संपे, त्याप्रमाणे पुढचा टोला पायाच्या पंज्यावरून, मुठीवरून किंवा डोळ्यावर ठेवलेल्या विटीने मारावा लागे. हा क्रम आणि त्याचे नियम गावागणिक बदलतात, म्हणून ते खेळाआधीच ठरवून घ्यावेत. अर्थात, तसे ठरवूनही मोजताना दांडू तिरपा टाकल्यावरून भांडण होणारच, आणि मोठ्यांनी त्यात पंच म्हणून पडू नये. तंटा मिटवून डाव पुढे चालवणे मुलांना आपसांत शिकता येते.

डोळ्यावरचा टोला लहान मुलांसाठी मी सरळ वगळीन. झेलणाऱ्यांनी टोला मारणाऱ्यापासून पुरेसे लांब उभे राहावे, मागे कोणी नाही याची खात्री केल्याशिवाय दांडू फिरवू नये आणि इमारतीच्या आवारात, जिथे गाड्या व खिडक्या जवळ असतात, तिथे हा खेळ मांडूच नये. पीक निघालेले शेत किंवा शाळेचे मोकळे मैदान सर्वांत चांगले. जाताना दोन-तीन विट्या तासून बरोबर न्याव्यात, कारण पहिली विटी हमखास कुंपणाच्या काट्यांत नाहीतर कुणाच्या तरी कौलांवर जाते.