टाकी भरलेली, तरी नळाला करंगळीएवढी धार: काय करावं

स्लॅबवरची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि खाली न्हाणीत बादली भरता भरत नाही. अशा वेळी गावात दोनच सल्ले मिळतात: मोठी टाकी बसवा, नाहीतर प्रेशर पंप लावा. खिशात हात घालण्याआधी एवढं समजून घ्या. नळाचा दाब टाकी किती लिटरची यावर ठरत नाही, ती किती उंचावर आहे यावर ठरतो. 10 मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो, हा हिशोब. एकमजली घरात खालच्या नळाला अर्धा किलोही मिळत नाही. एवढ्याशा दाबाला जरासा अडथळाही भारी पडतो. तो अडथळा आधी शोधा.

घरातले सगळे नळ एकेक करून उघडून बघा. एकाचीच धार बारीक असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार असतातच. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका. जाळी लिंबूसत्त्व घातलेल्या कोमट पाण्यात तासभर बुडवा आणि ब्रशने घासा. संडासचं ॲसिड वापरू नका, मुलामा जातो.

सगळेच नळ मंद असतील तर टाकीजवळचा व्हॉल्व्ह बघा. जुन्या गेट व्हॉल्व्हचं चाक वर फिरत राहतं, पण आतली पट्टी दांडीतून निसटून वाटेतच पडलेली असते. त्या जागी बॉल व्हॉल्व्ह (मूठ पाव फेरा फिरवली की उघडतो तो) लावा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर बहुधा पाईपमध्ये हवा अडकली आहे. मला सगळ्यात जास्त छळलं ते या हवेनं, आणि बहुतेक जण चुकतात तेही इथंच. खूण पक्की आहे: लोडशेडिंगमध्ये टाकी कोरडी पडली, वीज आल्यावर भरली, आणि तेव्हापासून धार बारीक. नळ उघडला की आधी फसफस, मग गचके देत पाणी. अशा घराच्या गच्चीवर गेलात की पाईप टाकीतून निघून कठड्यावर चढलेला आणि पलीकडे उतरलेला दिसतो. त्या कमानीच्या माथ्यावर हवा बसते आणि टाकीचा तुटपुंजा दाब तिला हलवू शकत नाही. नळाला तोंड लावून ओढणं, पाईपवर ठोकणं, याने काही होत नाही.

हवा खालून वर ढकलायची. मोटरच्या पाण्याची नळी घरातल्या सगळ्यात खालच्या नळाला क्लिपने घट्ट बसवा, तो नळ उघडा, बाकीचे बंद करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: टाकीजवळचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे हे वर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो बंद राहिला तर बोअरच्या मोटरचा दाब भिंतीतले जोड उखडून टाकेल. एक माणूस टाकीपाशी, एक स्टार्टरपाशी ठेवा. मोटर सुरू होताच टाकीत बुडबुडे येतील. ते थांबले की लगेच बंद करा. हे काम ग्रामपंचायतीच्या नळाला नळी जोडून कधीही करू नका. तिकडचा पुरवठा थांबला तर तुमच्या टाकीतलं पाणी उलटं गावाच्या लाईनमध्ये जाईल, आणि तेच पाणी शेजारची लेकरं पितील.

एवढ्यावर सोडलं तर पुढच्या वेळी टाकी रिकामी झाली की पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे कठड्याला खालच्या बाजूला भोक पाडून पाईप सरळ उताराने काढणं. ते जमत नसेल तर कमानीच्या अगदी माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि त्यातून अर्ध्या इंची पाईप उभा करा. तो टाकीच्या झाकणापेक्षा फूटभर तरी उंच हवा, नाहीतर टाकी भरली की त्यातूनच पाणी वाहील. टाकीजवळच्या व्हॉल्व्हच्या आधी टी लावून देणारे कारागीर भेटतात. त्यांना थांबवा, तिथल्या टीने कमानीतली हवा निघत नाही. त्या उभ्या पाईपचं वरचं तोंड दोन एल्बो (काटकोनी जोड) लावून खाली वळवा आणि त्याला बारीक जाळी तारेने बांधा. उघडं राहिलं तर गांधीलमाश्या उन्हाळ्यात आत घर करतात.