गिझरची कॉइल सारखी जळते? या चुका टाळा

घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून तीन हिवाळ्यांत आमच्या गिझरच्या दोन कॉइल गेल्या. तसाच गिझर, त्याच कंपनीचा, माझ्याबरोबरच घेतलेला, नेरूळला बहिणीकडे अजून पहिल्याच कॉइलवर चालतोय. "तुमच्याकडे व्होल्टेजचा घोळ असणार, दादा," असं तिचं मत. माझंही तेच होतं. दुसऱ्यांदा आलेल्या इलेक्ट्रिशियननं मात्र नवी जळकी कॉइल काढली, माळ्यावरची जुनी मागवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. जुनी वरच्या वळणावर काळीनिळी पडून फाटली होती, बाकी बऱ्यापैकी स्वच्छ. नवी चुना लावल्यासारखी पांढरी, थर बोटभर जाड. "काका, ही तहानेनं मेली आणि ही गुदमरून," तो म्हणाला.

कॉइलची रचना कळली की हे पटतं. बाहेर तांब्याची किंवा मिश्रधातूची नळी, आत नायक्रोम या मिश्रधातूची, वीज गेली की तापणारी तार, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली. ही पूड वीज अडवते, उष्णता जाऊ देते. २००० वॉटची कॉइल बटण दाबल्यापासून तेवढी उष्णता तयार करतच राहते. ती उचलून नेणं हे पाण्याचं काम. पाण्यानं ती उचलली नाही, तर तार तापत जाते आणि शेवटी तुटते. विजेला दोष देण्याआधी पाण्याकडे बघायचं ते यासाठी.

आमची पहिली कॉइल सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी गेली. साठवणीच्या गिझरमधलं पाणी नळ बंद पडला म्हणून संपत नाही, कारण गरम पाणी वरच्या टोकातून बाहेर पडतं. खालून गार पाणी ढकललं गेलं तरच. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गच्चीवरची टाकी रिकामी झाली, खालच्या मजल्यांवर कुणी नळ उघडे ठेवले आणि आपणही 'पाणी येतंय का' म्हणून गरम नळ फिरवला, की त्या नळातून हवा आत शिरते आणि गिझरमधलं पाणी आल्या वाटेनं उलटं खाली जातं. हे अडवायला गार पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. आमच्याकडे तो बसवलाच नव्हता. बसवणाऱ्यानं वाचवला, म्हणूया. नळातून फुस्स आवाज आला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि संध्याकाळी पाणी यायच्या आधीच आईनं सवयीनं बटण दाबलं.

थर्मल कटआउट, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणारा स्विच, अशा वेळी वाचवायला असतो, पण दर वेळी वेळेवर पोचेल असं धरून चालू नका. पाणी बंद राहणार अशी नोटीस लागली की गिझरचं मुख्य बटणच बंद करून टाका. पाणी आल्यावर आधी गरम नळ उघडा, फुरफुर थांबून सलग धार पडू द्या, मग बटण. नवीन गिझर बसवतानाही हाच क्रम; 'चालतो का बघू' म्हणून कोरडाच चालू करणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसऱ्या कॉइलचं कारण टँकर. भातसा-उल्हास खोऱ्यातलं ठाण्याचं पाणी काय किंवा नवी मुंबईचं मोरबे धरणाचं काय, मुळात पावसाचं, बऱ्यापैकी मऊ. मानपाड्यापासून गायमुखापर्यंतच्या कित्येक सोसायट्यांत मात्र त्यात टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी मिसळतं, आणि ते बऱ्याचदा जड असतं. शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचो ते. ओळखायला यंत्र नको: साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं बुजतात, स्टीलच्या पातेल्यावर पांढरे डाग राहतात. मोजूनच हवं असेल तर टँकरच्या पाण्याची कठीणता तपासून घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ती चांगली धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा म्हणजे कठीणता नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना कॉइलवर बसतो, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका अधिक. गंमत म्हणजे बिलावरून हे फारसं कळत नाही. उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त ती थरातून रेटण्यासाठी कॉइलला स्वतः कितीतरी जास्त तापावं लागतं. कळतं ते आवाजावरून. लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू यायला लागली की थर बसला समजा.

आम्ही आता थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ अंशांवर आणलाय. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला २००० वॉटला १८ मिनिटं पुरतात, त्यामुळे रात्रभर गिझर चालू ठेवायचं कारणच नाही. टँकरवर असाल तर दर वर्षी टाकी उघडून कॉइल साफ करून घ्या आणि सोबतची मॅग्नेशियमची दांडी बघा; ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते, संपली असेल तर बदला. कॉइल सुरीनं खरवडू देऊ नका. ओरखड्यातून गंज धरतो, भोक पडतं, आणि मग करंट पाण्यात. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून भिजवली की थर आपोआप सुटतो. नवीन घेताना तांब्याऐवजी इनकोलॉय या उष्णता आणि गंज सोसणाऱ्या मिश्रधातूची मागा आणि गॅस्केटही नवं टाकायला सांगा.

बादलीत रॉड वापरणाऱ्यांकडे तहानेचाच प्रकार जास्त. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी हवं, अर्धी बादली चालत नाही. बटण बंद केल्यावर लगेच बाहेर ओढू नका, पाण्यातच थोडा निवू द्या. चालू रॉड बाहेर काढला तर काही क्षणांत लाल होऊन फाटतो. पाण्यात बोट घालून बघणं तर प्लग काढल्याशिवाय नाहीच. आणि १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड देऊ नका, प्लग वितळतो.

पाणी तापेनासं झालं म्हणजे कॉइलच गेली असं नाही. मुख्य बटण बंद करून इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा: २००० वॉटची धड कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली. आकडा बरोबर असेल तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट बघायचा, कॉइलचे पैसे द्यायचे नाहीत. गिझर लावताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा, मीटरच्या बोर्डातला स्विच) पडत असेल तर नळी फुटून करंट उतरतोय. तो स्विच पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. आणि जुनी कॉइल मेकॅनिकला नेऊ देऊ नका. कुठे जळली ते आधी नीट बघून घ्या.