आठवड्याच्या धावपळीत घरी सुतारकाम करताना या चुका टाळा

नोकरी आणि घर सांभाळून सुतारकाम करणाऱ्याला अख्खा मोकळा दिवस क्वचितच मिळतो. सकाळी बाजारहाट, दुपारी बँकेचे काम, संध्याकाळी घरच्यांबरोबर टीव्ही, आणि याच दिवसात भिंतीवरची एक छोटी मांडणीही करायची असते. माझी बहुतेक कामे बिघडली ती हात कच्चा होता म्हणून नव्हे, तर वाळण्याची, मुरण्याची कामे घाईच्या वेळेत आणि नजरेची कामे दमलेल्या वेळेत केली म्हणून. पुढील चुका मी केलेल्या आहेत.

वखारीत अंदाजाने माप सांगणे

पुण्यात लाकूड आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला आणि स्क्रू, बिजागऱ्यांसाठी बोहरी आळीत जाणे होते. दोन्ही कामे एकाच फेरीत उरकायची असल्यास निघण्यापूर्वी माप कागदावर लिहून घ्यावे. घरचा टेप मिलिमीटरमध्ये वाचला जातो, तर वखारीत फूट, इंच आणि सूत चालते. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण 3 मिलिमीटर. 770 मिलिमीटरचा कोनाडा अडीच फूट अडीच सूत भरतो. तिथे नुसते ‘अडीच फूट’ सांगितले, तर बाजूला कायमची फट राहते. भिंती काटकोनात असतीलच असे नाही, म्हणून कोनाड्याची रुंदी पुढे, मागे, वर आणि खाली अशी चारही ठिकाणी मोजून सर्वांत कमी माप धरावे.

यंत्राचे पातेही प्रत्येक कापात सुमारे सूतभर लाकूड खाते. आठ फुटी फळीचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे करताना तीन काप पडतात आणि शेवटचा तुकडा तीन सूत आखूड येतो. प्लायवूड घेत असाल, तर त्यावरचा भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का पाहावा: कोरड्या खोलीसाठी आयएस 303 पुरते, मोरीजवळ किंवा ओट्याखाली आयएस 710 लागते.

आणलेली फळी त्याच दिवशी जोडणे

माझी सर्वांत महागात पडलेली चूक ही आहे. पावसाळ्यात आणलेली एक रुंद फळी मी त्याच संध्याकाळी दोन्ही कडांना स्क्रूने पक्की आवळली आणि हिवाळ्यात ती मधोमध उभी चिरली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ओल पिऊन फुगते आणि ओल गेली की आक्रसते; दोन्ही कडा जखडलेल्या असल्या, तर आक्रसायला वाव नसतो आणि ते फाटते. म्हणून नवी फळी घरात आडव्या पट्ट्यांवर, खालून-वरून हवा लागेल अशी दोन आठवडे ठेवावी. रुंद फळी एका कडेला घट्ट आवळावी आणि दुसऱ्या कडेचे भोक लांबट करावे. चीर पडलीच असेल आणि ती लहान असेल, तर तिच्यात पातळ केलेला गोंद मुरवून फळी शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळता येते, मात्र मूळ कारण दूर केल्याशिवाय चीर पुन्हा उघडते.

गोंद लावून लगेच पुढे जाणे

पांढऱ्या गोंदाच्या सांध्याला शिकंज्यात किमान अर्धा तास लागतो आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास. हीच टीव्हीची वेळ आहे. मालिका सुरू होण्यापूर्वी सांधा आवळावा, अर्ध्या तासाचा भाग संपल्यावर कडेला आलेला, रबरासारखा झालेला गोंद पटाशीने अलगद उचलावा आणि तुकडा सकाळपर्यंत तसाच सोडावा. तो गोंद तसाच सुकू दिला, तर तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग उरतो.

टीव्हीसमोर काचकागद घासणे मात्र टाळावे. बारीक भुसा टीव्हीच्या झरोक्यांत आणि घरच्यांच्या नाकात जातो. शिवाय वरून पडणाऱ्या उजेडात आडवे ओरखडे दिसतच नाहीत आणि पॉलिशचा पहिला हात बसल्यावर ते सगळे वर येतात. घासकाम सकाळी, गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने करावे आणि काचकागदाचे 80, 120, 180 असे नंबर, म्हणजे जाडाकडून बारीककडे, चढवत जावे. टॉर्च फळीलगत आडवा धरून तपासल्यास राहिलेली रेघ लगेच सापडते.

स्क्रू थेट पिळणे

टोकाजवळ फळी फुटते ती बहुधा यामुळे. 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी 2.5 ते 3 मिलिमीटरचे भोक पाडावे. भोक सैल झाले असल्यास गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून ठोकाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रू बसवावा.

दमट दिवशी पॉलिश

लाखेचे पॉलिश पावसाळी संध्याकाळी लावले, तर ते पांढुरके पडते, कारण त्यातले स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. कोरड्या दुपारी स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की ही झाक बहुधा जाते. देवघरातल्या दिव्याजवळ किंवा गॅसजवळ हे काम करू नये. अळशीचे तेल वापरले असेल, तर त्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. कितीही उशीर झाला, तरी झोपण्यापूर्वी त्या बाहेर मोकळ्या पसराव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.